कप्तान कशाने गेला

नोस्रत खानमच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याने त्यांना आधीच फारसं दिसत नव्हतं, आणि कादंबरी मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. बद्री म्हणाली, "आझर वाचते तेव्हा पाण्याचा अहवाल ऐकतोय असं वाटतं. पण काय करणार, चष्मा तिचाच सगळ्यांत नवा आहे." तीस वर्षं मी आमच्या यझ्द शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत होते, त्यामुळे हा टोमणा मला आठवड्यातून एकदा तरी मिळतो.

बद्री, एश्रत आणि मी, आम्ही तिघी नोस्रत खानमच्या विद्यार्थिनी. त्यांनी आम्हाला साहित्य शिकवलं तेव्हा आम्ही पंधरा वर्षांच्या होतो आणि त्या पस्तिशीच्या. आता आम्ही एकसष्ट, त्या एक्याऐंशी. दर सोमवारी दुपारी चारला आम्ही त्यांच्याकडे जमायचो. हिवाळ्यात त्यांच्या बैठकीच्या खोलीत बुटक्या मेजावर मोठी रजई पसरलेली असते, मेजाखाली विजेची शेगडी. चौघी चार बाजूंनी कमरेपर्यंत रजईत. मेजावर चहा, डाळिंबाचं सरबत, बद्रीने तळलेले बदामाचे गोड कुत्ताब, आणि कादंबरी.

कादंबरी परक्या देशातली, जगभर नावाजलेली, चार खंडांची, दोन हजार तीनशे चाळीस पानांची. नदीकाठच्या एका धान्यव्यापारी घराण्याच्या पाच पिढ्या. माणसं इतकी की पहिल्या खंडाच्या सुरुवातीला त्यांची चार पानी यादी आहे.

हे सुरू कसं झालं ते सांगायला हवं. अडीच वर्षांपूर्वी खानमचे यजमान गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवशी सगळे उठून गेल्यावर आम्ही तिघीच मागे राहिलो होतो. तेव्हा बद्री म्हणाली, "खानम, वर्गात तुम्ही ज्या मोठ्या कादंबरीबद्दल सांगायचात, ती तुमच्या तोंडून ऐकायची राहूनच गेली."

"छे ग, तुम्हाला कुठला वेळ," खानम म्हणाल्या.

"आम्हाला वेळच वेळ आहे."

"नको, नातवंडांची माणसं तुम्ही. मी म्हातारी तुम्हाला कशाला अडकवू?"

"खानम, तुमच्या पायांची धूळ आम्ही. वाचाच."

आमच्याकडे काहीही देऊ केलं की समोरच्याने दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं तर ते मनापासून आहे असं धरतात. बद्रीने तिसऱ्यांदा विचारलं. खानमनी मान डोलावली आणि पुढच्या सोमवारी पहिला खंड काढून ठेवला. जिन्यात एश्रतने बद्रीला कोपराने ढोसलं. "दोनदा विचारून थांबली असतीस तर काय जीभ झडली असती तुझी?"

दर सोमवारी बरोबर पाचला लांबच्या कराज शहरातून कामबीजचा फोन यायचा. कामबीज खानमचा एकुलता मुलगा. आई एकटी राहते, त्यातून डोळे अधू, तिने आपल्याकडे कराजला यावं असा त्याचा हट्ट. खानमना यझ्द सोडायचं नव्हतं. ऑपरेशननंतर त्याने फारच लावून धरलं तेव्हा त्या आमच्यासमोरच फोनवर म्हणाल्या, "येईन रे. ही कादंबरी सुरू आहे ना, ती संपली की येईन. वचन दिलं."

मी ते मनावर घेतलं नाही. मुलाचं मन राखायला आई असं म्हणते. मला वाटलं, हेही तसंच, भिडेचं बोलणं.

मी वाचायला घेतली तेव्हा आम्ही पान पंधराशेवर होतो, तिसऱ्या खंडाच्या मध्यावर. आठशे चाळीस पानं बाकी. सोमवारी वीस पानं धरली तर बेचाळीस सोमवार, म्हणजे पुढची पानगळ. मी हे मनात ठेवलं, बोलले नाही.

माझ्या दुसऱ्याच सोमवारी ते घडलं. कुणाचं तरी डाळिंबाचं सरबत कधीतरी पुस्तकावर सांडलं असणार. तिसऱ्या खंडाच्या काही पानांच्या कडा एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. मी पान उलटलं आणि वाचत राहिले. अर्ध्या पानानंतर माझ्या लक्षात आलं की वाक्याला आगापिछा नाही. पानांचे आकडे पाहिले तर चोवीस पानांचा गठ्ठा एकदम उलटला गेला होता.

मी थांबले. वर पाहिलं. बद्रीचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा तल्लीन. एश्रत हळूहळू मान हलवत होती. खानम भिंतीला टेकून, डोळ्यावर पांढरी पट्टी, हात मांडीवर.

"काय सुंदर आहे," एश्रत म्हणाली. "थांबलीस का?"

"घसा," मी म्हणाले, पाणी प्यायले, आणि पुढे वाचलं.

घरी आल्यावर मला स्वस्थता नव्हती. एका वेळचा आकडा म्हणजे काहीच नाही. आमच्या प्रयोगशाळेत तीनदा मोजल्याशिवाय कुणी नोंद करत नसे. म्हणून पुढच्या सोमवारी मी मुद्दाम चाळीस पानं सोडली. त्याच्या पुढच्या सोमवारी साठ. एका लग्नाच्या बोलणीतून थेट एका महापुरात गेले. बद्री म्हणाली, "वा." एश्रत म्हणाली, "माणसाचं आयुष्य असंच असतं." खानमनी नेहमीप्रमाणे वाचन संपल्यावर हात पुढे केला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि खुणेची रेशमी दोरी जिथे होती तिथून शेवटापर्यंतची पानं अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली. ही त्यांची सवय. मला वाटायचं, प्रेमाने हात फिरवतात.

निष्कर्ष उघड होता: कुणी ऐकत नाही. पण मग बसतात का? एके दिवशी बद्रीच्या स्वयंपाकघरात मी तिला विचारलं. ती पीठ मळत होती.

"कंटाळा येतो का तुला कादंबरीचा?"

"मला? आझर जान, मी तर सोमवारची वाट पाहत असते." मग तिने पिठाचे हात झटकले. "का? तुला येतो का?"

"मला नाही."

"बघ म्हणजे. तू कंटाळली असशील तर सांग हो, तुझ्यासाठी मी एका पायावर सोडायला तयार आहे."

"नाही नाही. तुम्हाला आवडते तर मी वाचेन."

"मग वाच. तुझा घसा कधी न बसो."

एश्रतचंही तेच. ती आयुष्यभर औषधांच्या दुकानात बसलेली, जिभेला धार असलेली बाई. तिच्याकडून तरी सरळ उत्तर मिळेल असं वाटलं होतं. "खानमसाठी बसतो आपण," ती म्हणाली. "त्यांचा जीव आहे त्या पुस्तकात. आपलं काय, आपण झोपा काढतो." लगेच सावरून म्हणाली, "म्हणजे बद्री काढते."

मी विचार केला की बद्री माझ्यासाठी बसते, एश्रत खानमसाठी, मी दोघींसाठी. खानमनी कादंबरी संपवली की त्यांचंही समाधान, आमचीही सुटका. फक्त लवकर संपायला हवी. कुणाचं मन दुखवायला नको, कुणाला तोंडाने काही म्हणायला नको. मी पानं सोडत गेले. दर सोमवारी मी घरी बसून आधी पाहून ठेवायचे, कुठून कुठे उडी मारली तर सांधा कमी जाणवेल. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायला लागला होता. दहा सोमवार होईपर्यंत आम्ही चौथ्या खंडात, एकवीसशेच्या पुढे पोचलो. सहाशे पानं गेली, त्यातली मी वाचली होती दोनशे.

दहाव्या सोमवारी आम्ही गेलो तर मेजावर कुत्ताबांच्या शेजारी दोन गाठोडी होती.

"बद्री, हे तांब्याचं पातेलं तुला," खानम म्हणाल्या. "शूलीचं घट्ट सार करायला याच्यासारखं दुसरं नाही. एश्रत, अंगणातल्या जिरेनियमच्या कुंड्या तुझ्या, शेजाऱ्याच्या हातगाडीवर घालून ने. आझर, तुला शब्दकोश."

"हे काय खानम?" बद्री म्हणाली. "तुमच्यावरून ओवाळून टाकण्यासारखी माणसं आम्ही, आम्हाला कशाला?"

"घे ग. नवरोजला मी कराजला असेन. तिथे चौथ्या मजल्यावर कुंड्या कुठे ठेवू?" त्या हसल्या. "कादंबरी संपतच आली की."

फोन पाचला वाजला. खानम उठल्या, भिंतीला हात लावत गेल्या. "हो रे. हो. नवरोजच्या आधीच. थोडी राहिलीय." त्यांचा आवाज हसरा होता, पण फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या आणि खिडकीच्या चौकटीवरून बोटं फिरवत राहिल्या. त्या खिडकीतून अंगणातलं डाळिंबाचं झाड दिसतं. त्यांच्या यजमानांनी लावलेलं.

बेचाळीस सोमवार होते त्यांच्याकडे. मी त्यातले वीस तरी घालवले होते, आणि सगळा वेळ हिशेब करत होते.

बद्री आणि एश्रत गेल्या. मी पेले धुवायला म्हणून मागे राहिले. धुऊन झाले तरी नळ सोडून उभी होते.

"पाणी वाया घालवतेस," खानम आतून म्हणाल्या. "तू, पाण्याच्या प्रयोगशाळेतली? ये इकडे."

मी त्यांच्यासमोर रजईत बसले. "खानम, मला एक सांगायचंय. पहिल्यांदा पानं खरंच चिकटली होती. सरबताने. नंतरची मी मुद्दाम सोडली."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"अग, डोळा बांधलाय माझा, कान नाही. एका सोमवारी कप्तान रस्सा पीत होता आणि पुढच्या सोमवारी त्याची बायको विधवा होती. तुम्हा तिघींपैकी एकीनेही विचारलं नाही की तो बिचारा कशाने गेला." त्यांनी पुस्तक पुढे ओढलं आणि उरलेली पानं पुन्हा चिमटीत धरली. "आणि हे बघ. दर आठवड्याला मोजते. तू वाचायला घेतलीस तेव्हा एवढी जाड होती. मग एकदम पातळ व्हायला लागली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं?" त्यांनी चिमटीतली पानं सोडली. "मला वाटलं, पोरी दमल्या. माझ्या सोमवारांना कंटाळल्या. म्हातारीला तोंडावर 'आता जा' कसं म्हणणार? म्हणून पानं उलटतात. सभ्य पद्धत आहे, म्हटलं. मीच शिकवलंय यांना सभ्यपणा. तुम्ही एवढं सांभाळून सांगताय तर मी सांभाळून ऐकायला नको?"

मला रडू आलं. माझं रडणं फार कमी वेळा बाहेर येतं, त्यामुळे ते कसं थांबवायचं याची मला सवय नाही. खानमनी मेजावर चाचपून कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला.

"आम्हाला वाटत होतं तुम्हाला ती फार प्रिय आहे," मी शेवटी म्हणाले. "म्हणून आम्ही बसत होतो. आणि लवकर संपली तर तुमचं समाधान होईल म्हणून मी..."

"मला प्रिय?" खानम म्हणाल्या. "आझर, आयुष्यात चार वेळा सुरू केली मी ही कादंबरी. चारही वेळा दुसऱ्या खंडात सोडली. वर्गात तुम्हाला जे सांगायचे ते प्रस्तावनेतलं होतं. बद्रीने तिसऱ्यांदा विचारलं त्या दिवशी मला घाम फुटला होता."

पुढच्या सोमवारी मी पुस्तक उघडलं नाही. बद्री आणि एश्रत रजईत शिरेपर्यंत थांबले. आदल्या रात्री मी दोघींना काही सांगितलं नव्हतं. जे विचारायचं ते सगळ्यांसमोर आणि नीट विचारायचं असं ठरवलं होतं.

"खानम," मी म्हणाले, "ही कादंबरी आपण इथेच सोडूया."

एश्रतचा पेला बशीवर खाडकन आपटला.

"छे," खानम म्हणाल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, पण रीत ती रीत. "बद्रीला किती आवडते."

"माझं सोडा," बद्री घाईने म्हणाली, "पण एश्रत..."

"खानम, सोडूया," मी दुसऱ्यांदा म्हणाले.

"नको ग. एवढी मोठी कादंबरी. दोनशे चाळीस पानं राहिली. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?" एश्रत पुटपुटली. "यादीतले?"

मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि या वेळी माझा आवाज पाण्याच्या अहवालासारखा राहिला नाही. "खानम, आम्ही इथे तुमच्यासाठी येतो. मी तर फक्त तुमच्यासाठी. पुस्तक नसलं तरी दर सोमवारी येणार. कृपा करून सोडूया."

खानमनी डोळ्यावरची पट्टी नीट केली. मग मान डोलावली.

बद्री म्हणाली, "अडीच वर्षं. अडीच वर्षं मी या रजईखाली झोपतेय. नवऱ्याला सांगते, मी साहित्याला चालले."

"तुझं घोरणं म्हणजे साहित्य आहे," एश्रत म्हणाली. "मी तर त्या यादीतली नावं पाठ करायचे जाग राहावी म्हणून. अजून रात्री बडबडते. मुलगी विचारते, आई, हा ग्रेगोर कोण?"

"आणि कोण आहे तो?"

"मला काय माहीत!"

बद्री हसता हसता खोकायला लागली. एश्रतने तिच्या पाठीत धपाटे घातले. हसू ओसरल्यावर मी पानं सोडल्याचं कबूल केलं, आणि रस्सा पिणाऱ्या कप्तानाची बायको एकदम विधवा कशी झाली तेही सांगितलं. बद्रीने डोळे पुसले आणि म्हणाली, "पण कप्तान गेला असं म्हणतेस तू. कशाने गेला?"

"चिकटलेल्या पानांत गेला," मी म्हणाले. "मलाही माहीत नाही."

"खानम?"

"मी तिथवर कधी पोचलेच नाही."

"रस्सा पीत होता ना?" बद्री म्हणाली. "मग त्या रश्शानेच. मी सांगते, शिळा होता."

"बायकोने काहीतरी घातलं त्यात," एश्रत म्हणाली. "विधवा झाल्यावर किती पटकन सावरली बघा. मी आयुष्यभर औषधं विकली, मला कळतं."

"तुला सगळीकडे विष दिसतं."

"आणि तुला सगळीकडे रस्सा."

"दोघी गप्प," खानम म्हणाल्या, आणि एकदम त्यांचा तो जुना, वर्गातला आवाज आला. "कप्तान कशाने गेला ते मी सांगते. पण आधी चहा ओत, आझर. आणि माझ्या कुंड्या परत आण, एश्रत."

"आणते. पातेलं बद्री परत देणार नाही, मी सांगून ठेवते. तिने शूली करून खाल्लीसुद्धा."

"देईन ग! घासून देईन!"

मी चहा ओतला. खानमच्या पेल्यात खडीसाखरेची काडी फिरवली. चौथा खंड मी आधीच्या तीन खंडांवर ठेवला, चारही खानमच्या निळ्या चौकडीच्या कापडात बांधले आणि कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर सरकवून दिले. तिथे खानमचा हात पोचत नाही. माझाही खुर्चीवर चढल्याशिवाय पोचत नाही. रेशमी दोरी एकवीसशेव्या पानावर तशीच राहू दिली.

मग माझ्या लक्षात आलं की फोन यायला तीन मिनिटं आहेत.

खानमच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी पेला खाली ठेवला. बद्री आणि एश्रतचं भांडण थांबलं. चौघी फोनकडे पाहत बसलो, म्हणजे तिघी पाहत आणि एक तोंड वळवून. मला वाटलं, आता काय सांगणार? कादंबरी संपली की येईन असं वचन दिलेलं, आणि कामबीज वचनाच्या बाबतीत आईसारखाच काटेकोर. त्यांना खोटं बोलायला लावायची माझी इच्छा नव्हती. मी सगळा हिशेब मांडला होता, पण इथवर मांडला नव्हता.

पाचला फोन वाजला. खानम स्वतः उठल्या. माझा हात घेतला नाही.

"हो रे बाळ. बरी आहे. तिघी इथेच आहेत, चहा चाललाय." मग पलीकडचं ऐकत राहिल्या. त्यांचा हात खिडकीच्या चौकटीवर गेला आणि तिथेच विसावला. "कादंबरी? नाही रे, संपली कुठे. चौथ्या खंडातली पानं बाकी आहेत अजून."

पलीकडून काहीतरी लांबलचक बोलणं झालं.

"घाई कशी करणार," खानम म्हणाल्या. "मोठी कादंबरी आहे. मी वचन दिलंय ना, संपली की येईन. एक शब्द इकडचा तिकडे होणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. बद्रीने तोंडावर रजई ओढून घेतली होती आणि रजई हलत होती. एश्रत माझ्याकडे पाहत होती. मी वरच्या फळीवरच्या निळ्या गाठोड्याकडे पाहिलं. खानम म्हणाल्या त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. मी तीनदा तपासून पाहिलं.

खानम येऊन आपल्या जागी बसल्या, रजई गुडघ्यांवर घेतली.

"तर कप्तान," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी घोड्यावर बसला. रस्सा चांगला होता, बद्री, तू मधे बोलू नकोस."